उभ्यानं लागलेली झोप हिशोबात धरायची का?

नमस्कार डॉक्टर,

आम्ही इंदिरानगरला राहतो. माझे मिस्टर (वय ३८) बरीच वर्षं पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला अपडाऊन करतात. पहाटे पाचला उठतात, मोटरसायकलवर नाशिकरोड स्टेशन गाठतात, रात्री साडेदहाच्या पुढे-मागे घरी येतात. जेवण, थोडा मोबाइल, की झोपायला पावणेबारा-बारा होतात. गाडीत बसायला जागा मिळाली नाही तर ते दाराजवळच्या पार्टिशनला टेकून उभ्यानंच झोपतात. ग्रुपमधले लोक फोटो काढून पाठवतात, 'कुंभकर्ण' म्हणून कौतुक करतात. मिस्टरांचं म्हणणं असं की घरी पाच तास आणि गाडीत जाता-येता मिळून चार, म्हणजे नऊ तास झोप होते. सासूबाई म्हणतात, त्याला लहानपणापासून कुठेही झोप लागते, नशीब लागतं त्याला. पण मागच्या रविवारी मी त्यांना दुधावर लक्ष ठेवायला सांगून गच्चीवर गेले. परत आले तर दूध उतू जाऊन गॅस विझलेला, आणि हे ओट्याला टेकून डोळे मिटून उभे. मला भीतीच वाटली. घोरतातही खूप, मी चारला उठून डबा करते तेव्हा स्वयंपाकघरात ऐकू येतं. चौथीतली मुलगी विचारते, पप्पा घोड्यासारखे झोपतात का? माणूस खरंच उभ्यानं झोपू शकतो का? आणि ती झोप धरायची का?

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

ताई,

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकतो. टेकायला आधार असेल तर माणसाचा उभ्यानं डोळा लागतो, त्यात शंका नाही. आधाराशिवाय, मोकळ्या जागेत दोन पायांवर उभं राहून झोपणं माणसाला जमत नाही. आणि आधारानं लागलेली ती डुलकी रात्रीच्या झोपेत धरायची नाही. यजमानांचे नऊ तास हे नऊ तास नाहीत. ते साडेपाचच्या आत-बाहेर आहेत आणि त्यांच्या शरीरानं ते ओट्यापाशी दाखवून दिलं.

आता हे असं का, ते सांगतो. 'उभ्यानं झोपू नका' एवढंच मी लिहिलं तर ते यजमानांना पटणार नाही.

आपण उभे असतो तेव्हा स्थिर आहोत असं वाटतं, पण शरीर सतत किंचित पुढेमागे झुलत असतं. तळपायाला जमिनीचा दाब कळतो, कानाच्या आतला तोलाचा अवयव डोकं कुठं कललंय ते सांगतो, डोळे समोरच्या वस्तू बघून अंदाज देतात, आणि त्यावरून पोटऱ्या, मांड्या, कंबर, पाठ आणि मानेचे स्नायू क्षणाक्षणाला थोडे आवळतात, थोडे सैल होतात. डोळा लागला की हे स्नायू सैल पडायला लागतात. पहिली जाते मान. गाडीत पेंगणाऱ्या माणसाकडे नीट बघा: पापण्या अर्ध्या मिटतात, हनुवटी हळूहळू छातीकडे येते, मग डोकं एकदम खाली जातं आणि त्या झटक्यानं माणूस दचकून जागा होतो. इकडेतिकडे बघतो, हात वरच्या दांडीवर पुन्हा घट्ट करतो, आणि दोन मिनिटांत पुन्हा तेच. बघणाऱ्याला वाटतं गडी इगतपुरीपासून कल्याणपर्यंत झोपला. खरं म्हणजे तो तेवढ्या वेळात कित्येकदा जागा झालेला असतो आणि त्यातलं बहुतेक जागं होणं त्याच्या लक्षातही राहत नाही.

झोप एकसारखी नसते, तिचे टप्पे असतात. सुरुवातीची काही मिनिटं अगदी वरवरची, मग त्याहून थोडी खालची, मग गाढ, आणि त्यानंतर स्वप्नांचा टप्पा. असं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं आणि रात्रीत अशी चार-पाच चक्रं होतात. स्वप्नांच्या टप्प्यात बुबुळं बंद पापण्यांखाली भराभर हलतात, हे १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी जगापुढे मांडलं. पुढे कळलं की या टप्प्यात मेंदू हातापायांचे, मानेचे, पाठीचे स्नायू जवळजवळ पूर्ण बंद करून ठेवतो. डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासाचा पडदा तेवढे चालू राहतात. म्हणजे पार्टिशनला टेकून उभा असलेला माणूस या टप्प्यात गेला तर गुडघ्यात दुमडून खाली बसेल. शरीर ते होऊ देत नाही, आधीच जागं करतं. गाढ झोपेचंही तसंच, उभ्यानं ती टिकत नाही. त्यामुळे उभ्यानं मिळते ती वरवरची झोप, तीही तुकड्या-तुकड्यांत. थोडी तरतरी येते हे खरं, ते मी नाकारत नाही. पण शरीराची झीज भरून निघणं, दिवसभर शिकलेलं पक्कं होणं, मन थाऱ्यावर येणं ही कामं ज्या टप्प्यांत होतात ते टप्पे तिथं येतच नाहीत.

आणि घरी काय होतं बघा. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांचा टप्पा पहाटेकडे लांबत जातो. बाराला झोपून पाचला उठणाऱ्या माणसाची नेमकी ही साखरझोप रोज कापली जाते. गाडीतल्या पेंगण्यानं ती परत मिळत नाही.

लेकीला सांगा, प्रश्न फार चांगला विचारलास. घोडा उभ्यानं झोपतो, कारण त्याच्या पायांत कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि अस्थिबंध अशा रीतीनं बसवलेले असतात की मागच्या पायाची गुडघ्याची वाटी अडकवून तो स्नायूंना फारसे श्रम न देता उभा राहू शकतो. पण स्वप्नांच्या झोपेसाठी घोड्यालाही आडवंच व्हावं लागतं. दिवसातून थोडाच वेळ, पण लागतंच. बरेच दिवस आडवं व्हायला मिळालं नाही, जागा अपुरी असली किंवा भीती वाटत असली, तर घोडे उभ्याउभ्या गुडघ्यात मोडून पडतात. सुट्टीत तिला निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला घेऊन जा. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याला मान मिळाला. थंडीत तिथं पाण्यात एका पायावर उभे असलेले पक्षी दिसतील, नशिबात असेल तर रोहितही (फ्लेमिंगो). रोहितांवर २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेलेला पक्षीसुद्धा एका पायावर नीट ठेवला तर स्नायूंच्या ताकदीशिवाय उभा राहतो, असं त्यात दिसलं. एवढी त्याच्या पायाची रचनाच वेगळी. आपल्या पायात अशी सोय नाही. आपला गुडघा सरळ केला की थोडा अडकतो, पण घोटा आणि कंबर सांभाळायला स्नायू लागतातच.

इथं नाशिककरांना एक गोष्ट सांगायला हवी. सिंहस्थात साधुग्रामात खडेश्वरी साधू तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. बारा-बारा वर्षं बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही असं व्रत घेतलेले. आता २०२६-२७ च्या सिंहस्थातही दिसतील. त्यांच्याकडे बोट दाखवून लोक म्हणतात, बघा, माणसाला उभ्यानं झोपता येतं. त्यांच्या राहुटीत जरा नीट बघावं. समोर दोरांनी टांगलेला एक झोपाळा असतो, छातीच्या उंचीवर, वर गादी किंवा घोंगडी घातलेली. त्यावर छाती आणि दोन्ही हात टाकून ते रात्र काढतात. कित्येकदा एक पायही दोरीच्या फाशात अडकवलेला असतो. म्हणजे वरच्या अंगाचा भार झोपाळ्यावर. तरीही पाय सुजून खांबासारखे होतात, कातडी काळी पडते, जखमा भरत नाहीत. व्रताबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण तेही आधाराशिवाय झोपत नाहीत आणि त्याची किंमत त्यांचे पाय मोजतात.

पायांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो, कारण गर्दीत याचा लोक घोटाळा करतात. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोट आणि पायांकडे उतरतं. पोटऱ्या हलत्या असल्या की त्या रक्ताला वर ढकलतात. बराच वेळ न हलता, गुडघे ताठ करून उभं राहिलं तर रक्त खालीच साचतं, मेंदूला कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. संचलनात ताठ उभे असलेले जवान किंवा शाळेतली मुलं पडतात ती याच कारणानं. ही झोप नव्हे, ही चक्कर. गाडीत कुणी असं गळलं तर लोक त्याला दोन्ही बाजूंनी धरून उभाच ठेवतात. तसं करू नये. त्याला लगेच आडवं करावं, पाय थोडे वर ठेवावेत. उभं धरून ठेवल्यानं मेंदूला रक्त पोचायला आणखी उशीर होतो. यजमानांच्या ग्रुपला हे जरूर सांगा. कुणी घामानं भिजलं असेल, चेहरा पांढरा पडला असेल, तर त्याला झोप लागलीय असं समजून सोडून देऊ नका.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते. दुधाची नाही. मला काळजी त्या दाराची आणि मोटरसायकलची.

दाराजवळ टेकून पेंगणं आजपासून बंद. यात तडजोड नको. कसारा घाटात गाडी वळणं घेते, डबा हलतो, आणि मघाशी सांगितलं तसा मानेचा झटका बसतो तेव्हा हात सुटतो. उभं राहायचंच असेल तर आतल्या बाजूला, दोन बाकांच्या मधे, पाठ टेकून.

आणि मोटरसायकल. पाचला उठलेला माणूस रात्री दहाला नाशिकरोडला उतरतो तेव्हा त्याला उठून १७ तास झालेले असतात. १९९७ साली ऑस्ट्रेलियात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सलग १७ तास जागे असलेल्या माणसांची हातडोळ्यांच्या कामातली चपळाई मोजली, तर ती रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरलेली निघाली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यानं गाडी चालवणाऱ्याला मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. तुमच्या यजमानांनी थेंबही घेतलेला नसतो, पण बिटको चौकातून पुणे रस्त्याला लागताना त्यांची चपळाई त्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखी असू शकते. गाडीत बसून नीट डुलकी झाली असेल तर थोडं बरं, उभ्यानं पेंगले असतील तर फारसा फरक नाही. झोप कमी पडलेल्या मेंदूला दोन-चार सेकंदांच्या झापडी येतात. डोळे उघडे असतानाही येतात, आणि ज्याला येते त्याला कळत नाही. ओट्याशी झालं ते बहुधा अशाच झापडीनं सुरू झालं आणि तिथं टेकायला ओटा होता म्हणून लांबलं. ताशी ५० च्या वेगानं मोटरसायकल सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. तीन सेकंदांची झापड म्हणजे चाळीस मीटर गाडी कुणीच चालवत नाही. द्वारकेच्या गर्दीत चाळीस मीटरमध्ये काय काय येतं ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून पुढची तपासणी होईपर्यंत मोटरसायकल स्टेशनवर नेऊच नका. सकाळी तुम्ही किंवा शेजारचं कुणी सोडा, रात्री सिटीलिंकची बस किंवा शेअर रिक्षा. थोडा वेळ आणि पैसे जास्त जातील, जाऊ देत.

तपासणी म्हणतोय कारण तुमच्या पत्रातलं घोरण्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. पाच तास झोपणारा माणूस दमलेला असणारच, पण त्याच पाच तासांत श्वास अडत असेल तर तेही पाच तास पूर्ण मिळत नाहीत. घसा झोपेत सैल पडून हवेची वाट बंद होते, मेंदू दचकून जागा करतो, श्वास सुरू होतो, पुन्हा बंद. हे तासाला पाच-दहाच नव्हे, तीस-चाळीस वेळाही होतं आणि झोपलेल्याला पत्ता नसतो. हे फक्त शेजारी झोपणाऱ्याला कळतं, त्यामुळे काम तुमचं आहे. या आठवड्यात एकदा ते गाढ घोरत असताना दहा मिनिटं शेजारी बसा. घोरणं मधेच थांबून पूर्ण शांतता होते का, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास येतो का, ते बघा. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर उत्तम, डॉक्टरांना ऐकवता येतं. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का, तोंड कोरडं पडतं का, रक्तदाब वाढलाय का, शर्टाची कॉलर घट्ट व्हायला लागलीय का, हेही विचारा. यातलं काही 'हो' असेल तर छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन झोपेची तपासणी करून घ्या. रात्रभर अंगाला तारा लावून श्वास, ऑक्सिजन, मेंदूच्या लहरी मोजतात. काही वेळा छोटं यंत्र देऊन घरीही करतात. नाशिकमध्ये ही सोय आहे. दोष निघालाच तर वजन कमी करण्यापासून हवेचा दाब देणाऱ्या मास्कपर्यंत उपाय आहेत आणि लोकांचं आयुष्य त्यानं बदलतं.

डॉक्टर कदाचित त्यांना एपवर्थचे आठ प्रश्न विचारतील. ऑस्ट्रेलियाच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये केलेले. वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत प्रवासी म्हणून बसल्यावर, कुणाशी बोलत असताना डुलकी लागण्याची शक्यता किती, असे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या वर गेली तर दखल घ्यायची. त्या आठांत उभ्यानं झोपण्याचा प्रश्नच नाही, यावरून तुम्हीच समजा. त्यांनी उत्तरं देताना तुम्ही शेजारी बसा, पुरुषमंडळी गुण कमी सांगतात. सोबत साध्या रक्ततपासण्या: हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, साखर. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या रोज घेत असतील तर तेही सांगा, त्यांनी झापड येते. आणि एक प्रश्न मुद्दाम विचारा: जोरात हसल्यावर गुडघ्यातून एकदम बळ जातं का? तसं होत असेल तर तो वेगळा, दुर्मीळ आजार असू शकतो आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावं लागेल.

सासूबाईंना दुखवू नका, पण समजावून सांगा. झोप भरलेल्या माणसाला अंथरुणावर पडल्यावर दहा-वीस मिनिटं लागतात. पाठ टेकता-टेकता झोप लागणं ही झोपेची उधारी थकल्याची खूण आहे. लहानपणी ते खेळून दमून झोपत असतील, अडतिसाव्या वर्षी ओट्याला टेकून झोपणं त्यात बसत नाही.

अपडाऊन उद्या सुटणार नाही, ते मला कळतं. नोकरी मुंबईत, घर आणि शाळा नाशिकमध्ये, हजारो घरांची ही कथा आहे. मग आहे त्यात काय करायचं? ग्रुपमधल्यांना फोटो काढण्याऐवजी पाळी लावायला सांगा. सकाळी नाशिकरोड ते इगतपुरी एकानं बसायचं, पुढे दुसऱ्यानं. बसून, मानेला उशी लावून पाऊण तास झोपणं उभ्यानं तीन तास पेंगण्यापेक्षा चांगलं. येताना झोप कल्याण ते कसारा घ्यायची आणि इगतपुरीला उठायचंच. उठल्यावर अर्धा तास मेंदूवर धुंदी असते, ती नाशिकरोड येईपर्यंत उतरते. इगतपुरीला चहा मात्र नको. रात्री नऊचा चहा बाराला झोपू देत नाही. शेवटचा चहा दुपारी चारच्या आत. संध्याकाळचा डबा गाडीतच सात-साडेसातला खाल्ला तर घरी आल्यावर जेवणात जाणारा तास वाचतो, आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावला तर अकराला दिवा बंद होऊ शकतो. तेवढ्यानं सहा तास होतात. प्रौढ माणसाला ७ तास तरी हवेत, म्हणून साहेबांकडे आठवड्यातून दोन दिवस घरून कामाचं विचारायलाच हवं. तपासणीचा कागद हाती असला तर विचारणं सोपं जातं. रविवारी दुपारी तीन तास झोपण्यापेक्षा शनिवारी रात्री लवकर झोपवा.

आणि तुम्ही. चारला उठून डबा करता, रात्री त्यांच्यासाठी जाग्या राहता, म्हणजे या घरात सगळ्यात कमी झोप तुमची आहे, आणि पूर्ण पत्रात तुम्ही त्याबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाही. भाजी रात्रीच चिरून ठेवा, कणीक सासूबाई मळतील, आठवड्यातले दोन दिवस दुपारचं जेवण यजमान ऑफिसच्या कँटीनमध्ये करतील. चारचा गजर पावणेपाचवर न्या. तुम्हाला दिवसा गळून गेल्यासारखं होत असेल तर हिमोग्लोबिन तुमचंही त्याच दिवशी करून घ्या. रेकॉर्डिंग झालं आणि डॉक्टरांची तारीख मिळाली की मला लिहा, निकालात काय आलं ते बघून पुढचं सांगतो.